उसने पैसे देताय? आधी तारीख लिहा

वडील गेल्यानंतर वर्षभराने त्यांच्या कपाटात एक वचनचिठ्ठी सापडली. एका स्नेह्याला त्यांनी पैसे दिले होते. चिठ्ठीवर सही होती, तिकीट होतं, रक्कम अंकांत आणि अक्षरांत नीट लिहिलेली होती. ती घेऊन मी वकिलांकडे गेलो. त्यांनी रक्कम वाचलीच नाही. आधी तारीख पाहिली, मनाशी हिशेब केला आणि चिठ्ठी माझ्याकडे परत सरकवली. तीन वर्षं सात महिने झाले होते. कायद्याची मुदत तीन वर्षांची. वडिलांनी कधी तगादा लावला नाही, कारण माणूस घरातल्यासारखा होता. रक्कम गेली ती त्या संकोचापायी.

तेव्हापासून कुणी उसनवारीबद्दल विचारलं की मी व्याजाचं बोलण्याआधी तारखेचं बोलतो. पुढे लिहिलेलं सगळं पहिल्यांदाच ओळखीच्या माणसाला बऱ्यापैकी रक्कम देणाऱ्यासाठी आहे, आणि घेणाऱ्यासाठीही. बँकेच्या कर्जाचा विषय वेगळा. नियम भारतातले आहेत. फक्त महाराष्ट्रापुरतं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे. रक्कम मोठी असेल तर कागद सही होण्याआधी एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

पायरी १ : हे पैसे नेमके कसले, ते ठरवा

मदत, उसनवारी आणि धंद्यातली गुंतवणूक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. देताना आपण त्यांची सरमिसळ करतो. "घे रे, नंतर बघू" म्हणून दिलेल्या पैशांवर वाद झाला की समोरून ठरलेली उत्तरं येतात. "ते तर त्यांनी भेट म्हणून दिले होते." "ती भागीदारी होती, धंद्यात तोटा झाला." "माझंच जुनं येणं होतं, ते त्यांनी फेडलं." बँकेचा उतारा पैसे गेले एवढंच सांगतो, का गेले ते सांगत नाही. ते शब्द तुम्हालाच कुठेतरी लिहून ठेवायचे असतात.

घेणारा कोण, हेही इथेच पक्कं करा. मित्राच्या कंपनीला पैसे हवे असतील आणि ते कंपनीच्या खात्यात गेले, तर कर्जदार कंपनी होते, मित्र नाही. कंपनी बुडाली तर मित्राच्या घरादारावर तुमचा हक्क आपोआप येत नाही. त्याने स्वतः जबाबदारी घ्यावी असं वाटत असेल, तर त्याची वैयक्तिक सही जामीनदार म्हणून वेगळी घ्या. घेणारा १८ वर्षांचा झालेला आहे ना, हेही बघा. अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ साली हे ठरवलं, आणि अज्ञान मुलाकडून घर गहाण घेऊन पैसे देणाऱ्याला ते परत मिळाले नाहीत. हा निकाल आजही कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो.

पायरी २ : पैसे बँकेतूनच द्या

आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेता येत नाही. खात्यातच जमा होणारा रेखांकित (अकाउंट पेयी) चेक, डिमांड ड्राफ्ट किंवा यूपीआय, एनईएफटीसारखा इलेक्ट्रॉनिक मार्गच वापरावा लागतो. परतफेडीलाही हाच नियम आहे. यातली मेख अशी की आधीची बाकी यात मोजली जाते. १५,००० ची उसनवारी बाकी असताना आणखी १०,००० रोख दिले, तर दुसरा व्यवहार नियमाबाहेर गेला. दंड होतो तो पैसे घेणाऱ्याला, आणि तो त्या रकमेइतका असू शकतो. दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल, तर सूट आहे. नातेवाईक आहेत म्हणून मात्र सूट नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं.

यूपीआयने पाठवताना टिपणीच्या रकान्यात "हातउसने" एवढा एक शब्द लिहा. पाठवल्याबरोबर मेसेज करा: "आज तुला १,५०,००० रुपये उसने पाठवले, मिळाले का?" "मिळाले" असं उत्तर आलं की पहिल्या पायरीतली अर्धी चिंता मिटली. हा मेसेज आणि तो फोनही जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार असा पुरावा कोर्टात चालतो, पण सोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं.

व्याज घेणार असाल तर ते तुमचं उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवा. परत आलेलं मुद्दल उत्पन्न नाही.

पायरी ३ : कागद करा, पण योग्य कागद

दोन पर्याय आहेत: वचनचिठ्ठी आणि करारनामा.

मागताच परत द्यायच्या रकमेसाठी वचनचिठ्ठी पुरते. ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) येते. मजकूर चार ओळींचा असतो:

"आज दिनांक … रोजी तुमच्याकडून रुपये १,५०,००० (अक्षरी एक लाख पन्नास हजार फक्त) माझ्या बँक खात्यात मिळाले. ही रक्कम द.सा.द.शे. ९ प्रमाणे व्याजासह, मागणी केल्यावर, तुम्हाला किंवा तुमच्या आदेशानुसार देण्याचं मी बिनशर्त वचन देतो."

खाली घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, ठिकाण, आणि १ रुपयाच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही. या तिकिटाकडे लोक औपचारिकता म्हणून बघतात, तिथेच घात होतो. इतर बहुतेक कागदांना मुद्रांक कमी पडला तर नंतर शुल्क आणि दंड भरून ते कोर्टात दाखल करता येतात. वचनचिठ्ठीला ही सवलत नाही. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या कलम ३५ मध्ये ती नाव घेऊन वगळलेली आहे. तिकीट नसेल, तर नंतर कितीही दंड भरायची तयारी दाखवली तरी चिठ्ठी पुरावा म्हणून वाचली जात नाही. तिकीट लावलं आणि सही बाजूला केली, तरी तीच गत, कारण सही करून रद्द न केलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसल्यासारखंच. सही अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर यायला हवी.

आणखी एक बारकावा, कारण भलं करायला जाऊन लोक इथे फसतात. वचनचिठ्ठीवर साक्षीदारांच्या सह्या लागत नाहीत. चिठ्ठीत "तुमच्या आदेशानुसार" हे शब्द नसले आणि वर साक्षीदाराची सही असली, तर मुद्रांक कायद्याच्या दृष्टीने तो कागद वचनचिठ्ठी न राहता बंधपत्र होतो. त्याला शुल्क बरंच जास्त लागतं. साक्षीदार हवेच असतील तर सरळ करारनामा करा.

हप्ते, ठरावीक तारीख, तारण, जामीनदार यांपैकी काहीही असेल तर करारनामाच हवा. परतफेडीची तारीख वचनचिठ्ठीत घातली तर तिचं मुद्रांक शुल्क बदलतं, आणि १ रुपयाचं तिकीट पुरेलच असं राहत नाही. महाराष्ट्रात साध्या करारासाठी पूर्वी १०० रुपयांचा मुद्रांक चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून तो किमान ५०० रुपयांचा झाला आहे. करारात रक्कम, पैसे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून गेले, व्याज, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि एक हप्ता चुकला तर काय, एवढं यायला हवं. "एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल" हे वाक्य घातलं नाही, तर प्रत्येक हप्त्यासाठी वेगळं थांबत बसावं लागतं.

व्याजाचं थोडं सविस्तर. "शेकडा दोन" म्हणजे बोलीत महिन्याला दोन टक्के, वर्षाला चोवीस. घेणारा कधीकधी ते वर्षाचं समजतो. म्हणून द.सा.द.शे. हे शब्द लिहून मोकळे व्हा. व्याज नको असेल तर "बिनव्याजी" असं स्पष्ट लिहा. वचनचिठ्ठीत दर लिहिलेलाच नसेल, तर देय तारखेपासून वर्षाला १८ टक्के व्याज कायदा स्वतःच धरतो. मित्राला बिनव्याजी दिलेत असं तुमच्या मनात असलं तरी कागद वेगळं बोलेल. उलट बाजूला दामदुपटीचा जुना नियम आहे. हिंदू कायद्यातल्या या नियमानुसार एका वेळी वसूल होणारं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही, आणि जुन्या मुंबई इलाख्यात कोर्टांनी तो मानला.

तुम्ही एकाला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला व्याजाने देऊ लागलात, तर थांबा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम आहे. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा केला तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि बिनपरवाना सावकाराच्या दाव्यावर कोर्ट हुकूमनामा देत नाही. अडचणीत असलेल्या मित्राला एकदा केलेली उसनवारी म्हणजे सावकारी नाही. पण व्याजासाठी पुन्हापुन्हा, अनेकांना देणं त्या दिशेनेच जातं. अशा सावकाराच्या तावडीत तुम्ही स्वतः सापडला असाल, तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची असते.

पायरी ४ : चेक घेताना आणि देताना

तारण म्हणून सही केलेला कोरा चेक घ्यायची पद्धत सर्रास आहे. देणाऱ्याला त्यात जोर वाटतो आणि घेणाऱ्याला ती नुसती रीत वाटते. घेणाऱ्यांनो, ती नुसती रीत नाही. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो. ते खोटं आहे हे दाखवायचं ओझं सही करणाऱ्यावर येतं. चेक द्यावाच लागला तर त्यावर रक्कम स्वतःच्या हाताने लिहा, चेकचा क्रमांक करारात घाला आणि फेड झाल्यावर तो परत मिळेल असं वाक्य करारात लिहून घ्या.

देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मधल्या काळात काही रक्कम परत आली असेल, तर मूळ रकमेचा चेक जसाच्या तसा बँकेत टाकू नका. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की चेकवरची रक्कम प्रत्यक्ष बाकीपेक्षा जास्त असेल आणि आलेल्या पैशांची नोंद चेकवर केलेली नसेल, तर चेक न वटण्याचा गुन्हा होत नाही. बाकीइतक्याच रकमेचा नवा चेक मागून घ्या.

पायरी ५ : कॅलेंडर

माझ्या मते ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

१९६३ च्या मुदत अधिनियमात उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षं दिली आहेत. प्रश्न असतो तो कधीपासून तीन वर्षं याचा. परतफेडीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. पण "मागाल तेव्हा देईन" असं ठरलं असेल, तर पैसे दिले त्या दिवसापासून. तुम्ही मागितले त्या दिवसापासून नव्हे. माणसाला सहज वाटतं की मी अजून मागितलेच नाहीत, मग मुदत कशी सुरू होईल? ती सुरू होते. मागणीवर देय वचनचिठ्ठीलाही चिठ्ठीच्या तारखेपासूनच मोजतात. १० जून २०२४ ला दिलेल्या आणि "मागाल तेव्हा" परत यायच्या पैशांसाठी दावा १० जून २०२७ पर्यंत कोर्टात दाखल व्हायला हवा. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतो. एवढीच सवलत.

मुदत कशाकशाने वाढत नाही, ते नीट वाचा. तोंडी आश्वासनाने वाढत नाही. "पुढच्या दिवाळीला नक्की" या फोनने वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही, आणि इथे फार लोक गाफील राहतात. नोटीस दिली म्हणजे कोर्टात गेल्यासारखंच झालं असं समजून ते उत्तराची वाट बघतात. देणारा वारला तरी घड्याळ थांबत नाही. एकदा सुरू झालेली मुदत पुढे पळतच राहते.

वाढते ती दोन गोष्टींनी, आणि दोन्ही मूळ मुदत संपण्यापूर्वीच व्हायला हव्यात. पहिली, कर्जदाराने सही करून दिलेली लेखी कबुली. "आज रोजी तुमचे १,५०,००० रुपये मी देणे आहे", खाली सही आणि तारीख. त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. दुसरी, थोडीशी परतफेड, पण त्या भरण्याची नोंद कर्जदाराच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असायला हवी. त्याने ५,००० रुपये चेकने दिले तर चेकवर सही आहे. रोख दिले तर चिठ्ठीच्या मागे त्याच्याच हाताने लिहून घ्या: "आज ५,००० भरले", सही, तारीख. मोबाइलवरून आलेल्या हप्त्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "देतो रे"वर मुदतीची भिस्त ठेवू नका. वाद घालायला ते उपयोगी पडतील, पण वाद घालावा लागणं हेच मुळात नको आहे.

दोन वर्षं नऊ महिन्यांनी फोनमध्ये गजर लावा. त्या दिवशी माणसाकडे जा आणि बाकी कबूल केल्याचं पत्र सही करून घ्या. नातं चांगलं असेल तर हे पाच मिनिटांत होतं. सही द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याविरुद्ध दावा करायला तुमच्याकडे अजून तीन महिने असतात.

मुदत उलटून गेली असेल तर नुसत्या कबुलीने काही होत नाही. "होय, बाकी आहे" हे शब्द तेव्हा अपुरे पडतात. करार अधिनियमाच्या कलम २५ नुसार कर्जदाराने "ती जुनी रक्कम मी देईन" असं नवं वचन लेखी आणि सहीनिशी द्यायला हवं. तो नवा करार होतो. तसं तो देईल का, हे मात्र पूर्णपणे त्याच्या मनावर असतं. मुदत संपली म्हणजे देणं नाहीसं झालं असंही नाही. फक्त कोर्टातून वसूल करायचा मार्ग बंद होतो. म्हणूनच मुदतबाह्य कर्ज कुणी आपणहून फेडलं, तर नंतर ते पैसे परत मागता येत नाहीत.

जामीनदार घेतला असेल तर त्याचंही कॅलेंडर बघा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वेगळं ठरलं नसेल, तर तुम्ही आधी कर्जदाराला न गाठता थेट त्याच्याकडे जाऊ शकता. पण तुम्ही त्याला न विचारता कर्जदाराशी नवी तारीख करून घेतली, तर जामीनदार सुटतो. मुदतवाढीच्या प्रत्येक कागदावर त्याची सही हवीच. आणि जामीनदार व्हायला कुणी तुम्हाला बोलावलं, तर "फक्त सही" म्हणून जाऊ नका. तुम्ही फेडलेलं कर्जदाराकडून मागायचा हक्क कायदा तुम्हाला देतो, पण बँकेला किंवा धनकोला आधी पैसे तुमच्याच खिशातून गेलेले असतात.

पायरी ६ : पैसे परत येऊ लागले की

प्रत्येक भरणा कशापोटी, हे ठरवायचा पहिला हक्क फेडणाऱ्या कर्जदाराला असतो. एकाच माणसाची दोन कर्जं असतील, तर पैसे पाठवताना "जूनच्या उसनवारीपोटी" असं लिहा. त्याने काहीच सांगितलं नाही, तर ज्याचे पैसे येणे आहेत तो ते स्वतःच्या सोयीने कुठेही लावू शकतो.

पूर्ण फेड झाली की कर्जदाराने तीन गोष्टी घेतल्याशिवाय उठू नये: मूळ वचनचिठ्ठी किंवा करार, दिलेले सगळे चेक, आणि "काहीही बाकी नाही" अशी सही-तारखेची पावती. चिठ्ठी हरवली असं उत्तर आलं, तर तेही पावतीतच लिहून घ्या.

पायरी ७ : आले नाहीत तर

आधी पत्र, मग वकिलाची नोटीस. पोचपावती ठेवा. पोलिसांत जायची घाई करू नका. उसने पैसे न फेडणं हा एवढ्यानेच गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता हे दिसलं तर फसवणूक होते, आणि ते दाखवणं सोपं नसतं. वसुली हे दिवाणी कोर्टाचं काम आहे.

चेक परत आला तर मात्र तारखा फार कडक आहेत. चेक तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत टाकलेला असला पाहिजे. न वटल्याची माहिती बँकेकडून आल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून कर्जदाराला १५ दिवस मिळतात. ते संपले की पुढच्या एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस हातात पडलेल्या कर्जदाराने त्या १५ दिवसांत रक्कम भरली, तर गुन्हाच होत नाही.

वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट, म्हणजे संक्षिप्त दावा, करता येतो. साध्या दाव्यात प्रतिवादी आपोआप बचाव मांडू शकतो, इथे त्याला परवानगी मागावी लागते. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर झाला नाही, तर हुकूमनाम्याचा मार्ग मोकळा होतो. तिकीट लावलेल्या त्या चार ओळींच्या कागदाची खरी किंमत इथे कळते.

दोघांनाही मिटवायचं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत न्या. दावा आधीच दाखल असेल तर तिथे मिटल्यावर कोर्ट फी परत मिळते. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. त्यानंतर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, द्यावी लागते, तिला १२ वर्षांची मुदत आहे. कर्जदाराची मालमत्ता, बँक खातं, पगाराचा काही भाग जप्त होऊ शकतो. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतीची अवजारं जप्त होत नाहीत. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही सुरक्षित राहतो. पैशांच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषाला दिवाणी तुरुंगात जास्तीत जास्त तीन महिने ठेवता येतं, पण १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ ऐपत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही. पैसे असूनही दडवणारा वेगळा, आणि खरोखर हात टेकलेला वेगळा. घेणाऱ्याला रात्री झोप लागत नसेल, तर त्याने हे परिच्छेद पुन्हा वाचावेत. धमक्या देणाऱ्याकडे यातला एकही अधिकार नसतो. हे सगळे अधिकार कोर्टाचे आहेत.

पायरी ८ : दोघांपैकी एक गेला तर

कर्जदार वारला तर त्याचं देणं वारसांकडे येतं, पण त्यांना वारशाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच. मुलाच्या स्वतःच्या कमाईला हात लागत नाही. हिंदू कुटुंबात वडिलांचं ऋण फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य धरून पूर्वी कोर्टं वसुली मान्य करत. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने ते थांबवलं. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना तो आधार चालत नाही. तेरावं व्हायच्या आत दारात येऊन मुलाकडून नवी चिठ्ठी लिहून घेणारे असतात. दुःखाच्या भरात कशावरही सही करू नका. आधी मूळ कागद बघा, त्यावरची तारीख बघा.

देणारा वारला तर येणं त्याच्या वारसांचं होतं. कोर्टातून वसूल करायचं असेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला महिने जातात, आणि तेवढ्या काळात तीन वर्षांची मुदत पुढे सरकतच असते. आम्हाला हे माहीत असतं तरी उपयोग नव्हता, कारण चिठ्ठी आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आता आमच्या घरी दिल्या-घेतल्या पैशांची एकच वही आहे. त्यात नाव, रक्कम, दिलेली तारीख आणि मुदत संपायची तारीख असे चार रकाने आहेत, आणि ती कुठे ठेवली आहे ते सगळ्यांना माहीत आहे.